लांब धागा

“चव जाईल बरं का,” डॉक्टर म्हणाले आणि खाली मान घालून पुढचा कागद लिहू लागले. शुक्रवारी सकाळी साडेअकराला, नागपुरात, एका अनोळखी माणसानं मला हे सांगितलं, अन् तेही ‘बाहेर ऊन आहे’ म्हणावं इतक्या सहज. जिभेच्या डाव्या कडेची गाठ काढून महिना झाला होता. आता सोमवारपासून किरणांचे तेहतीस शेक, लाळ आटेल, गळा सोलल्यासारखा होईल, हे सगळं मी मान हलवत ऐकून घेतलं होतं. पण चव? “म्हणजे तिखट-मीठ कळणार नाही का?” सुचित्रानं विचारलं. “दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सगळं मातीसारखं लागतं. काहींची वर्षभरात परत येते. काहींची नाही येत.” माणूस वाईट नव्हता. बाहेर बाकड्यांवर दीडेकशे लोक बसले होते, कुणाकुणाकडे मान वर करून बघणार? मीही एकतीस वर्षं अशीच खाली मान घालून चिठ्ठ्या फाडल्या. मी कापसाचा ग्रेडर होतो. वणी, राळेगाव, बोरी अरब आणि शेवटी पांढरकवडा, जिथं खरेदी केंद्र तिथं मी. गाडी समोर उभी राहायची, मी कापसात कोपरापर्यंत हात घालायचो, मुठीत दाबून ओल बघायचो, बोंडातली रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचो, धागा कुठं तुटतो ते बघायचो, लांब धागा म्हणजे उंची माल, आणि चिठ्ठीवर ग्रेड लिहायचो. गाडीवाला माझ्या हाताकडे बघत उभा असायचा, मी त्याच्या तोंडाकडे कधी बघितलं नाही. शुक्रवारी पहिल्यांदा मी गाडीवाल्याच्या जागी उभा होतो.

पांढरकवड्याची एसटी सुटली, जांब आलं. मग सुचित्रानं पर्समधून फोन काढला आणि नाशिकला पियूषला लावला. हा आमचा एकुलता एक. डॉक्टर काय म्हणाले ते तिनं त्याला सगळं सांगितलं, चवीचं सुद्धा, आणि मग बराच वेळ नुसतं “हो... हो...” करत राहिली. नंतर फोन माझ्या कानाला लावला. “बाबा, मी रविवारी येऊन राह्यलो,” पियूष म्हणाला. “ते बाटली वाळूतच आहे ना?” म्हटलं, आहे. “मंग सोमवारच्या आत उघडावं लागन. तशी तिची येळ झाली नाही अजून, पण आता काय करता. मी ओपनर घेऊन येतो. तुम्ही फक्त मले फरक सांगा. पहिली कशी होती, हे कशी झाली. पहिली आठवते ना तुमाले?” खिडकीबाहेर हिंगणघाटच्या जिनिंगचे पत्रे चमकत होते. “आठवते ना,” मी म्हणालो. फोन परत दिला आणि गालावर हात ठेवला. सुचित्राला वाटलं जखम दुखते, तिनं पाण्याची बाटली पुढं केली.

जखम दुखत नव्हती. पियूषनं अकोल्याहून शेतकीची पदवी घेतली तेव्हा मी मनात त्याला कृषी अधिकारी करून टाकलं होतं. जीप, टेबल, दारावर पाटी. आणि हा दिंडोरीकडच्या एका वाइनच्या कारखान्यात लागला. घरात दोन दिवस भांडण चाललं. दारू गाळणारा म्हणालो मी त्याला, माझ्या बापानं कधी थेंब शिवला नाही म्हणालो, आणि हे म्हणताना माझ्या गालात खर्रा होता. सुपारी, तंबाखू, चुना, प्लास्टिकच्या कागदात घोटून घोटून ओला केलेला, दिवसातून पाच पुड्या. केंद्रावर सगळेच खायचे, त्यात काही वाईट आहे असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दारूला शिवत नाही म्हणून छाती काढून हिंडायचं आणि जीभ सडवायची एका पानठेल्यावर! आज हसू येतं, पण हसलं की टाके ओढतात. तर पियूष गेला, तिथं राहिला, द्राक्षं तोडण्यापासून पिंपं धुण्यापर्यंत सगळं केलं त्यानं, आणि २०१८ च्या द्राक्षांची एक लाल वाइन त्याच्या हातानं झाली. पहिली. पुढच्या वर्षी दिवाळीला तो तिच्या दोन बाटल्या घेऊन आला. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, एसटी हिंगणघाटवरून येते, बिचारा दोन तास पिशवी मांडीवर घेऊन अंग चोरून बसला होता. घरी येऊन त्यानं दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. म्हणाला, “बाबा, हे एक आता उघडा. अन् हे दुसरी २०३० ले. आता ते कडक आहे, नुसती तोंड ओढते. पण ठेवली तं बसन, खाली उतरन. किती बसली, हे तुम्हीच सांगू शकता. साऱ्या जिल्ह्याच्या कापसाले ग्रेड लावली तुम्ही, एक माह्या मालाले लावा.” मी बाटल्यांना हात लावला नाही. बघू, म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो गेला.

तो गेला त्याच सकाळी सुचित्रा केळापूरला जगदंबेच्या देवळात गेली होती. घरात मी एकटा. मी ती पहिली बाटली घेतली, बुचात स्क्रू पिळून पक्कडीनं ओढलं आणि मोरीत ओतली. का? रागानं म्हणावं तर राग कधीच उतरला होता. मला वाटतं मी घाबरलो होतो. चांगली निघाली तर? तर मग दोन दिवस जे बोललो त्याचं काय करायचं? ती फरशीवरून वाहत जाळीत शिरताना वास वर आला आणि मी तिथं उकिडवा बसून तो घेत राहिलो, जांभळाचा, ओल्या लाकडाचा, आणि खाली कुठंतरी जिनिंगमध्ये पहिल्या दिवशी सरकीचा येतो तसा तेलकट, गरम. मग चार बादल्या पाणी टाकलं, फिनाईल टाकलं, बाटली पोत्यात घालून भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवली. आठ दिवसांनी पियूषचा फोन. “उघडली?” म्हटलं, उघडली. खोटं नव्हतं. “कशी आहे?” “चांगली आहे.” “नुसती चांगली? ग्रेड सांगा ना बाबा.” अन् मी, ज्याच्या हाताखालून लाखो क्विंटल कापूस गेला तो मी, न चाखता म्हणालो, “धागा लांब आहे.” माझे पहिले साहेब सदाशिवराव, त्यांनी पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट सांगितली होती: हात घातल्याबिगर चिठ्ठी फाडायची नाही, गाडी सख्ख्या भावाची असली तरी. गाडीच्या वर चांगला कापूस पसरलेला असतो, आत किडका, पिवळा कापूस, म्हणजे कवडी असते, ओल असते, दगडसुद्धा असतो. एकतीस वर्षांत मी एकदाही हात घातल्याशिवाय चिठ्ठी फाडली नाही. फाडली ती घरात.

आणि त्या चिठ्ठीवर पोरगा पुढं गेला, हे जास्त वाईट. त्यानं कारखान्यात सांगितलं, माझे वडील ग्रेडर आहेत, ते म्हणाले धागा लांब आहे. तिथले लोक हसले, पण शब्द राहिला. ती वाइन तिथं सगळे ‘लांब धागा’च म्हणायला लागले. दोन वर्षांनी तळघराचा सगळा ताबा त्याच्याकडे आला, तेव्हा फोनवर म्हणाला, “तुमच्या त्या एका बोलानं मी टिकलो बाबा, नाही तं परत येणार होतो.” तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्याऐवजी दुसऱ्या बाटलीची मात्र मी अशी काळजी घेतली की सुचित्रा थट्टा करायची, “तान्ह्या लेकरालेही इतकं नाही केलं तुम्ही.” आमच्याकडे उन्हाळ्यात पारा शेहेचाळीसला जातो, फ्रीजमध्ये ठेवायची नाही, आडवी ठेवायची, असं त्यानं बजावलं होतं. मागच्या पडवीत रांजण आहे, त्याच्या खाली ओली वाळू, सुचित्रा तिथं लिंबं पुरून ठेवते. त्या वाळूत मी बाटली आडवी पुरली. बाटलीवरचा कागद भिजून निघून गेला तेव्हा मादरपाटाच्या चिंधीवर कापसाच्या गाठींवर नंबर टाकायच्या शाईनं ‘२०३०’ लिहून तिच्या मानेला बांधलं. पाहुणे पाणी प्यायला पडवीत गेले की मी मागं मागं जायचो. पाप झाकायचं असलं की माणूस किती टापटीप होतो.

शनिवारी दुपारी सुचित्रा सोमवारची पिशवी भरत होती. नागपुरात तिच्या बहिणीकडे, उज्ज्वलाकडे, सात आठवडे राहायचं होतं. मी पडवीत आलो, वाळू बाजूला केली आणि बाटली काढली. थंडगार होती, काचेला वाळू चिकटलेली. उन्हात धरली तर आत काळीच दिसली, फक्त कडेला थोडी विटकरी. एक विचार कालपासून डोक्यात वळवळत होता, तो तेव्हा सरळ उभा राहिला: हातातून सुटली तर? म्हाताऱ्या माणसाचा हात, ओली काच, सिमेंटची फरशी. कोण काय म्हणेल? पियूष हळहळेल, जाऊ द्या बाबा म्हणेल, आणि फरक सांगायचं संपेल. मी पडवीतल्या मोरीच्या तोंडाशी उभा होतो, तीच मोरी. दुसरा मार्गही मी तयार ठेवला होता. शुक्रवारी घरी येऊन मोबाइलवर जुन्या वाइनबद्दल लोक काय काय लिहितात ते सगळं वाचलं होतं, मऊ झाली म्हणायचं, कडा गेल्या म्हणायचं, पहिलीत द्राक्ष पुढं होतं आता मागं गेलं म्हणायचं. पाठ झालं होतं मला. पोरगा विश्वास ठेवेल, त्याला विश्वासच ठेवायचा आहे. आणि सोमवारनंतर जीभच नाही, पुढं कुणी काही विचारणार नाही. किती सोयीचं! माझ्या तळहाताला घाम सुटला आणि बाटली खरोखरच सरकली. दोन्ही हातांनी, गुडघ्यांनी, छातीनं मी तिला धरलं. “काय करून राह्यले तिथं?” सुचित्रा आतून ओरडली. “काही नाही,” मी म्हणालो. मी तिथंच रांजणाला टेकून बसलो.

रविवारी अकरा वाजता पियूष आला. दाढी वाढलेली, पाठीला बॅग. माझ्या तोंडाकडे तो बघत नव्हता, कानाकडे बघून बोलत होता. स्वेटरात गुंडाळून त्यानं काचेचे दोन उंच पेले आणले होते. “हे काय नाटक बावा?” सुचित्रा म्हणाली, “स्टीलचे गिलास का कमी पडले घरात?” पियूष हसला. “वास गोळा होते आई याच्यात. तू घेतं का एक घोट?” मला वाटलं आता भडकेल. ती म्हणाली, “दे ना. नवरा खर्रा खाऊ खाऊ तोंड घालवते, मी घोटभर घेतलं तं कोणतं आभाळ पडते?” आणि ती जेवणाच्या टेबलाशी येऊन बसली, पदराला हात पुसत. पियूषनं माझ्याकडे बघितलं. “बाबा, अजून सांगा. नसन उघडायची तं नाही उघडत. जीभ वापस आली तं पाच वर्षांनी उघडू. डॉक्टर म्हणते ना, काहींची येते.” “अन् नाही आली तं?” मी विचारलं. त्यानं बॅगेच्या कप्प्यातून ओपनर काढून टेबलावर ठेवला. “उघड,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओरडल्यासारखा वाटला.

ओपनरची नागमोडी तार बुचात शिरली. अर्धं बूच वर आलं, अर्धं तुटून आत राहिलं. पियूषच्या कपाळावर घाम आला. त्यानं उरलेलं आत ढकललं, तसा भुगा वर तरंगायला लागला. “गाळावं लागन. पातळ फडकं आहे का?” मी उठलो. माझ्या कपाटात शेवटच्या हंगामातला नमुना आहे, कागदात गुंडाळलेली मूठभर रुई, निवृत्तीच्या दिवशी खिशात घालून आणलेली. ती मी बोटांनी पिंजली, पातळ केली, चहाच्या गाळणीत पसरली, पाण्यानं ओली केली. हातांना काम मिळालं तेवढा वेळ बरं वाटलं. पियूषनं वरून धार सोडली आणि पांढरी रुई बघता बघता लाल झाली. अन् वास आला. तोच. जांभूळ, ओलं लाकूड, सरकी. मी टेबलाची कड धरली.

“पहिलीत होता हा वास?” पियूषनं विचारलं. “होता,” मी म्हणालो. हे खरं होतं, शपथेवर खरं. इथं थांबता आलं असतं. “असाच? का जास्त?” “पहिलीत पुढं होता. आता मागून येते.” हेही खरं होतं, आणि मोबाइलवर वाचलेलंही होतं, आणि दोन्ही एकाच तोंडातून इतक्या सफाईनं निघाली की मला माझीच किळस आली. पियूषचा चेहरा उजळला. खिशातून त्यानं छोटी वही काढली, पेनाचं टोपण काढलं, आणि तो माझ्या तोंडाकडे बघू लागला. आल्यापासून पहिल्यांदा. ती नजर मी ओळखली. गाडीपाशी उभ्या माणसाची नजर, एकतीस वर्षं जी बघायची टाळली ती. “अन् चव? पहिलीची चव कशी होती बाबा?”

“चव मले माहीत नाही,” मी म्हणालो. पेन थांबलं. “पहिली मी पिलो नाही. तू गेला अन् मी मोरीत ओतली.” सुचित्राचा हात टेबलावर आपटला. पियूष म्हणाला, “सारी बाटली?” “सारी.” “मंग ते धागा लांब आहे म्हटलं होतं...” “तोंडाले आलं ते म्हटलं. वास घेतला होता मोरीतून. तेवढाच.” तो वहीकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. “सहा वर्षं मी ते घेऊन फिरून राह्यलो बाबा,” तो म्हणाला, “पोराईले शिकवतो मी ते तिथं. धागा कसा पाहाचा.” मग उठला आणि पडवीकडे गेला. “तुमाले बोलता येत नव्हतं?” सुचित्रा दबक्या आवाजात म्हणाली, “इतक्या वर्षांत एक डाव? लेकरू आहे ना ते तुमचं!” दाराशी त्याची बॅग होती, उघडलेलीसुद्धा नव्हती. नागपूरची गाडी साडेबाराला असते. पडवीत रांजणाचं झाकण वाजलं. पाणी पडल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. मी बॅगेकडे बघत होतो. एवढी भीती मला बायोप्सीच्या कागदाची वाटली नव्हती.

तो आला तेव्हा तोंड ओलं होतं, शर्टाची कॉलर ओली होती. बॅगेपाशी थांबला नाही. खुर्चीवर बसला आणि त्यानं पेला माझ्यापुढं सरकवला, अर्ध्याहून कमी भरलेला. “हात घाला,” तो म्हणाला. “अन् मंग चिठ्ठी फाडा. पाहून.”

मी घोट घेतला. आधी जखमेला लागली, डोळ्यांत पाणी आलं, सुचित्रा अर्धवट उठली, मी हातानं तिला थांबवलं. मग आंबट. मग कच्चं टेंभुर्ण खाल्ल्यावर होतं तसं सगळं तोंड आवळलं, गाल दातांना चिकटले. मी गिळण्याची घाई केली नाही. डोळे मिटले आणि ती जिभेखाली, टाक्यांवरून, टाळूला, सगळीकडे जाऊ दिली, कापसात हात कोपरापर्यंत घालतात तसा मी आत आत जात राहिलो, कुठं ओल आहे, कुठं कवडी आहे, कुठं लबाडी आहे ते बघत. नव्हती. आवळलेपणाच्या खाली जांभूळ होतं, त्याच्या खाली धूर, त्याच्या खाली काहीतरी गोड नसलेलं पण गोडाच्या जवळचं, ज्याला माझ्याकडे शब्द नाही. बरं वाटलं नाही मला, खरं सांगतो, सुख वगैरे झालं नाही. राग आला. इतकं सगळं या पोराच्या हातात होतं आणि मी ते जाळीत ओतलं, आणि आता शिकतोय, उद्यापासून जीभ जायला लागणार तेव्हा. गिळली. आणि थांबलो, अंगठ्यांत धागा ताणून थांबतात तसा, आता चव तुटेल म्हणून. मनात आकडे मोजले. दहा झाले. वीस झाले. पियूष माझ्या तोंडाकडे बघत होता आणि या वेळी मीही त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तीस झाले, चाळीस झाले.

“तुह्यं २०३० चुकलं,” मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. पेन धरलेला हात वहीवरून खाली गेला. “खराब झाली?”

“खराब नाही बे. कच्ची आहे. तिसात नाही बसाची हे. हिले पस्तीस पाह्यजे, जास्तच, कमी नाही.” बोलताना जीभ जड झाली होती, शब्द बोबडे येत होते, पण मी चिठ्ठी पूर्ण वाचली. “वरून लय आवळते. आत काही खोट नाही. वाळूत काही बिघडली नाही. माल तुह्या अंदाजाहून चांगला आहे, तूच कमी धरला.”

पियूषनं वहीत काही लिहिलं नाही. सुचित्रा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. “म्हणजे काय?” ती म्हणाली. “मले समजन असं सांगा कोणी.”

“म्हणजे आई,” पियूष म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, “आपण लवकर उघडली.”

त्यानं मादरपाटाची ती चिंधी बाटलीच्या मानेवरून सोडली, घडी केली आणि वहीत ठेवली. मी दुसऱ्या घोटासाठी पेला उचलला. तो म्हणाला, “थांबा जरा, पहिल्या घोटाची तं जाऊ द्या.” मी थांबलो. चव अजून होती.